गुलाबी रस्स्याची कबुली

आरंभीच क्षमा मागते. लेखन हा माझा प्रांत नव्हे. तेहतीस वर्षे मी एका दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत नमुने तपासले. स्निग्धांश किती, आंबटपणा किती, पाणी मिसळले आहे किंवा कसे, एवढेच मी आजवर लिहीत आले आणि त्याखाली आद्याक्षरे करीत आले. वाचन मात्र पुष्कळ केले, आणि त्यामुळेच वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कोऱ्या कागदासमोर बसताना संकोच अधिक वाटतो. चांगले गद्य कसे असते हे ठाऊक असणाऱ्या माणसाने वाईट गद्य लिहावे, याला अज्ञानाची सबबही उरत नाही. तरीही लिहिते आहे, कारण गेल्या रविवारी भर दुपारी, घरच्या सगळ्या माणसांसमोर, माझ्या हातून एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून मी भानावर नाही. सोमवारी मंडईत मी वांगी निवडली, तोलून घेतली आणि रिकामी पिशवी काळजीपूर्वक सांभाळीत घरी आणली. मंगळवारी शेजारणीने विचारले, बरे नाही का, आणि मी तिला उत्तर म्हणून नुसती हसत राहिले. अशा अवस्थेत लिहिलेल्या मजकुरात पाणी किती निघेल ते सांगवत नाही. वाचकांनी आपापल्या परीने नमुना तपासून घ्यावा.

ही हकीकत माझ्या सासूबाईंची आहे. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. मीही इथे त्यांना तेच म्हणेन. दुसरे काही म्हटले तर त्या ओ देणार नाहीत अशी मला भीती वाटते.

आत्याबाई मूळच्या शिरोळकडच्या, उसाच्या आणि पुराच्या मुलखातल्या. सातवी झाल्यावर त्यांचे लग्न झाले आणि त्या कोल्हापुरात आल्या. इथे त्यांनी चुलीपुढे बसून मॅट्रिक केले, कडेवर मूल घेऊन शिक्षिकेचा अभ्यासक्रम पुरा केला, आणि एका प्राथमिक शाळेत आधी शिक्षिका व पुढे मुख्याध्यापिका झाल्या. मी सून म्हणून आले तेव्हा माझ्या अंगावरचा हळदीचा पिवळेपणा अजून गेला नव्हता, तोच त्यांनी माझ्यापुढे एम.एस्सी.चा प्रवेशअर्ज ठेवला. मी चंदगडची. आमच्याकडे वर्षाचे चार महिने पाऊसच इतका बोलतो की माणसांना बोलण्याची सवय राहत नाही. त्यातून मी नवी नवरी. कशीबशी म्हणाले, "इतक्यात कशाला, आत्याबाई? आधी घर समजून घेते."

"घर कुठं पळून चाललंय व्हय?" त्या म्हणाल्या. "अर्जाची मुदत शुक्रवारपातूर हाय. सही कर."

सही केली. दुसऱ्या वर्षी मुलगी झाली, तर तिला घेऊन त्या शाळेत जाऊ लागल्या. मुख्याध्यापिकेच्या खोलीत दोन कपाटांच्या मध्ये झोळी बांधलेली असे. माझी मुलगी दुसरीच्या वर्गाचे पाढे ऐकत झोपली आणि तिसरीच्या वर्गाच्या कविता ऐकत रांगायला लागली. निकालाच्या दिवशी आत्याबाईंनी गल्लीत पेढे वाटले ते माझ्या एम.एस्सी.चे आणि मुलीच्या पहिल्या दाताचे, एकाच बॉक्समधून.

शिक्षणाच्या बाबतीत त्या अशा होत्या. कलेच्या बाबतीत त्याहून कडक. आमच्या घरी एक नियम होता. कोल्हापुरात रविवारी मटण असते हे सांगायला नको, आणि मटणाबरोबर तांबडा रस्सा आणि पांढरा रस्सा. आमच्या घरी मात्र प्रत्येकाने काहीतरी सादर केल्याखेरीज पाने मांडली जात नसत. गाणे, नाच, नक्कल, चित्र, वाचन, काहीही चालेल. पण स्वतःचे आणि सर्वांसमोर. याला आत्याबाईंनी नाव दिले होते वाटा. "आधी वाटा, मग ताट," एवढेच त्या म्हणत. शाळेत असते तसे एक लांबट हजेरीपुस्तक होते. त्यात घरच्या सर्वांची नावे, दर रविवारचा रकाना, आणि रकान्यात आत्याबाईंच्या गोल, टपोऱ्या अक्षरात ज्याने जे केले ते लिहिलेले. हजेरीपुस्तक संपले की नवे येई. जुनी सारी त्यांच्या पुस्तकांच्या कपाटात.

थोरल्या जाऊबाईंचा गळा गोड, त्यांना अडचण नव्हती. माझे यजमान पाटबंधारे खात्यात अभियंता. त्यांना सूर नाही, ताल नाही, नकला येत नाहीत. ते दर रविवारी एकोणतिसाचा पाढा उलटा म्हणत. त्यांच्या थोरल्या भावांनी एकदा हरकत घेतली की ही कला नव्हे. आत्याबाई म्हणाल्या, "पाठांतर बी कलाच हाय. तू म्हणून दाखीव की." थोरल्या भावांनी हरकत मागे घेतली. नणंद इचलकरंजीत दिलेली. तिचे यजमान, आमचे दाजी, यंत्रमागाच्या शेडमध्ये वाढलेले. त्यांनी पहिल्याच रविवारी तोंडाने चालता माग करून दाखवला, आणि मागाचा धोटा अडकून माग बंद पडतो तो आवाज असा काढला की नणंद खुर्चीतून उठून, "काय तुटलं वो?" म्हणून धावली. गॅसची टाकी घेऊन येणारे चाचा एका रविवारी या नियमात सापडले. चाचांनी दारातच उभे राहून कव्वालीच्या दोन ओळी म्हटल्या, जेवून गेले, आणि त्यानंतर आमच्या टाकीची पाळी हटकून रविवारी येऊ लागली.

आत्याबाई मधल्या खुर्चीत बसत. डोळे मिटून ऐकत. कुठे सूर अर्ध्या केसाने हलला तरी त्यांच्या डाव्या भुवईला कळत असे. निकालाचे शब्द तीनच: "पास", "परत म्हण", आणि "पुढच्या रविवारी तयारी करून ये". तिसरा निकाल मिळालेल्या माणसालाही जेवायला मिळे, परंतु पांढरा रस्सा वाढताना डाव तळापर्यंत जात नसे.

आता माझे काय, असे कोणी विचारील. मी सदतीस वर्षे एकही वाटा दिला नाही. मला चारचौघांत तोंड उघडता येत नाही. ओठ कोरडे पडतात, जीभ टाळूला चिकटते, आणि आपण आहोत तिथे नसतो तर किती बरे झाले असते, असे वाटू लागते. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी माझे नाव पुकारले गेले आणि मी म्हणाले, "रस्सा खाली लागतोय वाटतं." आणि स्वयंपाकघरात गेले. रस्सा लागलेला नव्हता. पण त्या दिवशी हजेरीपुस्तकात माझ्या नावापुढे आत्याबाईंनी लिहिले: रस्सा. पुढच्या रविवारीही तेच. सदतीस वर्षांचे रविवार, आणि माझ्या नावापुढे एकाखाली एक रस्सा, रस्सा, रस्सा. मध्ये लागोपाठ दोन रविवारी तेवढे "बाळंतपण" आहे.

मला यातली नामुष्की कळत होती. हॉलमधून टाळ्या ऐकू येत आणि मी पातेल्यावरचे झाकण उगाच उघडीत आणि परत ठेवीत असे. कढणाऱ्या रस्स्यापाशी उभी राहून मी जुनी हजेरीपुस्तके चाळीत असे, इतर बायका जसे वर्तमानपत्र चाळतात तशी. प्रयोगशाळेतल्या माणसाला एक खोड असते: जे आहे ते पाहून झाले की जे नाही ते शोधायचे. तशी मला त्या हजेरीपुस्तकांत एक गोष्ट नसलेली सापडली होती. ती मी कोणाला सांगितली नाही. सांगायला तोंड उघडावे लागले असते.

आठ वर्षांपूर्वी माझ्या मुलीचे लग्न ठरायचे होते. ठरायचे म्हणजे त्या दोघांचे ठरलेलेच होते. मोठ्यांनी फक्त घर पाहायचे आणि मान डोलवायची. मुलाकडचे आले ते रविवारी. मुलगा, त्याचे वडील आणि आई, तिघेही गारगोटीकडचे. माझ्या मुलीने होणाऱ्या नवऱ्याला घरचा नियम सांगितला होता की नाही, कोण जाणे. त्याच्या आईवडिलांना मात्र निश्चितच काही माहीत नव्हते. पोहे झाले, चहा झाला, स्वयंपाकघरातून रस्स्याचा वास हॉलमध्ये जाऊन बसला, आणि मुलाच्या वडिलांची नजर वारंवार त्या दिशेला वळू लागली. तेवढ्यात आत्याबाईंनी हजेरीपुस्तक उघडले.

"पावणं," त्या म्हणाल्या, "आमच्यात एक पद्धत हाय."

पद्धत ऐकून मुलाच्या वडिलांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "म्हंजे आमी बी?"

"तुमीच आधी. पावण्यांचा मान."

गृहस्थ तासाभरात चार शब्द बोलले असतील. आम्हाला वाटले, ते आता उठून बैठकच मोडतील. ते उठलेच. त्यांनी घसा साफ केला, डावा हात कानावर ठेवला, आणि त्या हॉलमध्ये कुस्तीचे मैदान भरले. गावच्या जत्रेतल्या फडावर ते वीस वर्षे कुस्त्यांचे निवेदन करीत आले होते, हे आम्हाला नंतर कळले. लाल लंगोटवाला आत शिरला, निळ्या लंगोटवाल्याने पट काढला, लाल लंगोटवाल्याने तो हाणून पाडला, हलगी कडाडली, आणि या सगळ्यात प्रत्यक्ष कोणीही नव्हते, तरी दाजी सोफ्याच्या कडेवर येऊन ओरडले, "धर की त्याला." निकाली डावावर गृहस्थांनी असा हात उडवला की टोपी निसटली आणि उरलेल्या पोह्यांच्या ताटात जाऊन बसली.

"पास, पास," आत्याबाई म्हणाल्या. मी पहिल्यांदाच त्यांना तो शब्द दोनदा म्हणताना ऐकले.

मुलाने मग पोह्यांच्या ताटाखालचा कागद ओढला आणि बॉलपेनने आत्याबाईंचा चेहरा काढला. नाक मोठे झाले होते. आत्याबाईंनी कागद दूर धरला, जवळ धरला. "नाक खरं काढलंस," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात आजवर कुणाचं धाडस झालं न्हवतं. पास." माझी मुलगी जिन्यात उभी होती, तिथून एक सुस्कारा ऐकू आला तो अख्ख्या हॉलने ऐकला.

मुलाच्या आईने पदर खोचला आणि थोरल्या जाऊबाईंचे हात धरले. दोघी जणी सोफा आणि टीव्हीच्या मधल्या जागेत फुगडी खेळू लागल्या. दोघींचे मिळून वय सव्वाशेच्या आसपास. पहिल्या फेऱ्या जपून झाल्या, मग वेग चढला, पदर, वेण्या, बांगड्या सगळे एकच वर्तुळ झाले, दाजींनी तोंडाने माग चालू केला, निवेदकांनी कुस्तीच्याच आवाजात फुगडीचे निवेदन सुरू केले, आणि चाचा, जे त्या दिवशीही टाकी घेऊन आलेच होते, दारात टाकीवर ताल धरून होते. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते आणि हसता हसता डोळे पुसत होते. अशा वेळी माणूस बेसावध असतो.

फुगडी थांबली. मुलाच्या आईने भिंत धरली, श्वास घेतला, आणि माझ्याकडे पाहून मोठ्या आपुलकीने म्हणाल्या, "विहीणबाई, आता तुमी."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. घरच्यांनी मग खाली पाहिले.

"रस्सा लागतोय वाटतं," मी म्हणाले.

स्वयंपाकघरात येऊन मी कढईत तेल टाकले. तांबड्या रस्स्याची फोडणी राहिली होती, त्यामुळे या खेपेस निमित्त खोटे नव्हते. कांदा-लसणाचे तिखट तेलात पडले तेव्हा मागे चाहूल लागली. आत्याबाई. बैठक चालू असताना त्या आजवर कधी आत आल्या नव्हत्या. ऐंशी ओलांडलेली होती, पण पाठ तशीच ताठ. काखेत हजेरीपुस्तक.

"तीस वर्षं झाली," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "आज पोरीचं सासर दारात बसलंय. आज तरी. दोन ओळी वाचून दाखीव. दुधाचा रिपोर्ट वाच. कायबी चालंल."

मी भ्यालेली होते, आणि भ्यालेला माणूस कधी कधी भलतेच बोलून जातो. मी म्हणाले, "आत्याबाई, तुमचा तरी वाटा कुठं आहे त्यात?"

हीच ती नसलेली गोष्ट. प्रत्येक हजेरीपुस्तकात पहिले नाव आत्याबाईंचे होते, त्यांच्याच अक्षरात, आणि त्या नावापुढचे सगळे रकाने कोरे होते. पहिल्या पुस्तकापासून शेवटच्या पुस्तकापर्यंत. कोणाच्या लक्षात आले नव्हते, कारण परीक्षकाचा पेपर कोणी तपासत नाही.

आत्याबाईंनी हजेरीपुस्तक ओट्यावर ठेवले. मला वाटले, मी संपले. मग त्यांचे खांदे हलू लागले. त्या हसत होत्या. आवाज न करता, पदर तोंडाशी धरून, मुख्याध्यापिकेने मुलांसमोर हसू दाबावे तशा.

"तुला कवाधरनं ठाऊक हाय?"

"दहा-बारा वर्षं."

"आन् बोलली न्हाईस."

"बोलता येत असतं तर वाटाच दिला असता की."

यावर त्या आणखी हसल्या. मग त्यांनी दार लोटून घेतले आणि सांगितले. शाळेत चौथीत असताना गुरुजींनी त्यांना प्रार्थनेच्या रांगेतून बाजूला काढले आणि म्हणाले, पोरी, तू नुसते ओठ हलव. तेव्हापासून त्या ओठ हलवीत आल्या. स्वतःच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून रोज सकाळी साऱ्या मुलांसमोर उभ्या राहून त्यांनी ओठ हलवले. स्पर्धांना मुली पाठवल्या, ढाली आणल्या, घरातल्या प्रत्येकाला उभे केले, आणि स्वतः गायल्या नाहीत. "कान दिलाय देवानं," त्या म्हणाल्या, "म्हणून तर आपलं आपल्याला ऐकवत न्हाय."

"मला ऐकवा," मी म्हणाले. हे मी म्हणाले यावर माझा अजूनही विश्वास बसत नाही.

त्या गायल्या. त्यांच्या आईची जात्यावरची एक ओवी होती. हळू गायचे होते त्यांना, पण गाणे त्यांच्या हातात राहिले नाही. मी आदराने लिहू पाहते, तरी खरे लिहिणे भाग आहे. पहिला शब्द खालच्या पट्टीत निघाला, दुसरा माळ्यावर गेला, तिसरा मध्येच कुठे तरी बसायला जागा शोधत राहिला. ओळ संपल्यावर त्या स्वतःच म्हणाल्या, "पुराच्या पाण्यात म्हस अडकल्यावर अशीच वरडती बघ." मी ओट्याला धरून वाकले. त्याही वाकल्या. आम्ही दोघी, एक ऐंशीपुढची आणि एक त्रेपन्नची, ओट्याला धरून इतक्या हसलो की बाहेरून यजमानांनी विचारले, "काय झालं गं?" आणि आत्याबाईंनी मुख्याध्यापिकेच्या आवाजात उत्तर दिले, "फोडणी." फोडणी म्हटल्यावर मला फोडणीची आठवण झाली. कढईतले तिखट करपायच्या बेतात होते. मी कढई उचलली, डोळ्यांत पाणी, हाताला हसण्याची उबळ, आणि ती लालभडक फोडणी अख्खीच्या अख्खी पांढऱ्या रस्स्यात ओतली.

कोल्हापूरच्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागणार नाही. इतरांसाठी सांगते. पांढरा रस्सा म्हणजे नारळाच्या दुधात आणि काजू-खसखशीच्या वाटणात जपलेली गोष्ट; त्यात रंग म्हणून एक लाल मिरचीही पडू देत नाहीत. त्या पातेल्यात आता गुलाबी रंग पसरत होता, आधी कडेने, मग मधोमध. आणि शेजारच्या पातेल्यातला तांबडा रस्सा बिनफोडणीचा, फिका आणि पोरका. दुसऱ्या फोडणीला तिखट उरले नव्हते. बाहेर पाहुणे हात धुवायला उठले होते.

आत्याबाईंनी डाव घेतला, चव पाहिली, एक क्षण विचार केला.

"वाढ," त्या म्हणाल्या.

"अहो, पण रंग?"

"रंगाचं मी बघते."

त्यांनी दार उघडले आणि मी जन्मात पहिल्यांदा त्यांना खोटे बोलताना ऐकले. "पावणं, हा आमच्या शिरोळकडचा गुलाबी रस्सा. रोजचा न्हवं ह्यो. सोयरीक जुळताना करत्यात."

निवेदकांनी वाटी तोंडाला लावली. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत नव्हतो. पाहिले असते तर सगळे संपले असते. त्यांनी वाटी खाली ठेवली, पुसली, पुढे केली. "वाढा की," ते म्हणाले, आणि लग्न ठरले. मुलाच्या आईने कृती विचारली. आत्याबाईंनी ती सांगितलीही, फोडणी कोणत्या क्षणी ओतायची यासकट. लग्नात त्यांच्याकडून गुलाबी रस्सा झाला. दोन वर्षांनी शिरोळमध्ये आमच्या एका नात्यातल्या साखरपुड्यात जेवण करणाऱ्या आचाऱ्याने मला समजावून सांगितले की हा आमच्या भागातला जुना पदार्थ आहे, हल्ली कोणाला येत नाही. मी मान डोलावली.

परंतु त्या दिवशी पाहुणे गेल्यावर, संध्याकाळी भांडी आवरताना, आत्याबाईंनी मला जवळ बोलावले.

"गाण्याचं कुणाला सांगायचं न्हाय. मी हाय तवर न्हाय."

"आणि मग?"

"मग तुझा वाटा म्हणून सांग. काय बोलावं सुचत न्हाय म्हणतीस न्हवं? हे घे. दिलं तुला."

"मला जमणार नाही, आत्याबाई."

"न्हाय जमलं तर रस्सा करत बस की," त्या शांतपणे म्हणाल्या. "मग मी गायलेली कुणालाच कळायचं न्हाय, एवढंच."

त्यानंतरची सात वर्षे दर रविवारी माझे नाव आले की त्या भुवई उचलीत आणि पुस्तकात रस्सा लिहीत. माझ्याखेरीज कोणालाच त्या भुवईचा अर्थ कळत नसे. गेल्या वर्षी मार्गशीर्षात, एका दुपारी, एका पणतवंडाच्या चित्रकलेच्या वहीवर शेरा लिहून झाल्यावर त्या आडव्या झाल्या आणि उठल्या नाहीत. शेरा होता: हत्ती चांगला, आकाश राहिले.

वर्षभर हजेरीपुस्तक बंद होते. रविवारी मटण होई, पण सगळे पटकन जेवून घेत. वर्षश्राद्ध झाले, आणि गेल्या रविवारी यजमानांनी पुस्तक काढले. सगळे होते: जाऊबाई, थोरले भावजी, नणंद, दाजी, मुलगी, जावई, गारगोटीचे व्याही आणि विहीण. कोणी काही ठरवले नव्हते, तरी मधली खुर्ची रिकामी ठेवली गेली. जाऊबाई गायल्या. दाजींनी माग चालवला, पण धोटा अडकवला नाही. यजमानांनी पाढा म्हटला आणि त्यांचा एकोणतीस साते चुकला. मग त्यांनी सवयीने माझे नाव वाचले, माझ्याकडे न पाहता पेन टेकवले, आणि लिहायला सुरुवात केली: र.

"थांबा," मी म्हणाले.

पेन थांबले. माझ्या हातात डाव होता. तो खाली ठेवायचे मला सुचले नाही, त्यामुळे पुढचे सगळे मी डाव हातात धरून सांगितले. ओठ कोरडे पडले, जीभ टाळूला चिकटली, आणि तशीच सुटली. पहिली चार वाक्ये मलाही ऐकू आली नाहीत. पाचव्या वाक्याला व्याही कानावर हात ठेवून हलक्या आवाजात म्हणाले, "आन् विहीणबाई फडात उतरल्यात." मग मला थांबता येईना. गुरुजी, हलणारे ओठ, कोरे रकाने, ओवी. म्हशीपाशी आल्यावर नणंद रडू लागली आणि त्याच रडण्यात हसू लागली. दाजी सोफ्यावरून खाली बसले. फोडणीपाशी आले तेव्हा माझी विहीण उभी राहिली.

"थांबा थांबा," त्या म्हणाल्या. "म्हंजे ती चूक हुती?"

"होय."

"आठ वर्षं झाली मी करतिया तो रस्सा. भावकीत नाव हाय माझं. माझ्या जावंला शिकवला, तिनं तिच्या म्हायेरी शिकवला. सगळी चूक?"

"पर चूक बराबर करताय तुमी," व्याही म्हणाले. "एक डाव बी हुकला न्हाय."

यानंतर काय झाले ते मला सलग सांगता येणार नाही. कोणीतरी जेवायला वाढा म्हणत होते, कोणीतरी पुन्हा सांगा म्हणत होते, मुलगी माझ्या गळ्यात पडली तेव्हा तिच्या पाठीवर डावातला रस्सा सांडला, आणि मी अठ्ठावन्न की एकसष्ट, किती वर्षांची आहे हे दोन मिनिटे विसरून जावयाच्या आईबरोबर सोफा आणि टीव्हीच्या मध्ये फुगडी खेळले. चार फेऱ्या. जेवणे तीन वाजता झाली. मुलगी म्हणाली, हे लिहून काढ. म्हणून हा उद्योग.

यजमानांनी माझ्या नावापुढचे र खोडले आणि त्याजागी लिहिले: कथन. मी ते तीनदा पाहून आले. मग कपाटातले जुने पुस्तक काढून ते पाने उलटीत गेले, आठ वर्षांपूर्वीच्या त्या रविवारपर्यंत, आणि पहिल्या नावापुढच्या कोऱ्या रकान्यावर पेन टेकवून म्हणाले, "आता इथं काय लिहू?"

नणंद म्हणाली, गायन. थोरले भावजी म्हणाले, आईनं स्वतः म्हटलं असतं, सूर हलला, पुढच्या रविवारी तयारी करून ये. दाजी म्हणाले, ऐकणारी एकच हाय, तिलाच ठरवू द्या. आणि पेन माझ्या हातात देऊन सगळे झोपायला गेले. ते पुस्तक आता माझ्यासमोर आहे. पांढरा रस्सा सांभाळणाऱ्या बाईने सहा दिवस या एका रकान्यापुढे काढले आहेत. सूर लागला नव्हता, हे मी आत्ताच तुम्हाला प्रामाणिकपणे सांगून बसले आहे. आणि तसे गाणे मी दुसरे ऐकलेले नाही, हेही तितकेच खरे. उद्या रविवार. तुम्ही असता, तर आत्याबाईंच्या नावापुढे गायन लिहिले असते का?